उरलेला वाटा

पहाटे चारला फिदेन्सियो शेगडी पेटवतो.
पाचुकाचा वारा असा, की ताडपत्रीच्या कोपऱ्यांना
दगड बांधावे लागतात, आणि तरी ती रात्रभर बडबडते.
वाफेच्या पातेल्यात बैलाचं अख्खं डोकं.
गाल बोटांनीच सुटतो. जीभ मात्र सोलावी लागते;
खरखरीत सालीखाली इतकी मऊ,
की जन्मात गवताशिवाय कुणाशी काही बोललीच नसेल.

मी आरोग्यकेंद्रात बोटं टोचते.
रात्रपाळी संपली की इथे येते,
हातांना स्पिरिटचा वास, त्यावर कांद्याचा.
माझ्याआधी ओनेसिमो उभा असतो, कत्तलखान्यातला.
"दोन डोळ्यांचे दे," म्हणतो,
आणि नवख्या गिऱ्हाइकाकडे बघत राहतो
त्याला उमगेपर्यंत.

फिदेन्सियोचा आजा जमीनदाराकडे गुरं कापायचा.
मांड्या मालकाला, फऱ्या पाद्रीबाबाला,
बरगड्या मालकाच्या पाहुण्यांना.
डोकं, खूर, आतडी, काळीज
टोपलीत घालून तो मागच्या दाराने घरी यायचा.
आजी ती आतडी सात पाण्यांनी धुवायची.
आठव्यात लिंबू.

त्या टोपलीत काय होतं ते मी पुस्तकात शिकले:
लोह, तांबं, जीवनसत्त्व ब-बारा,
फोलेट, ज्याचं नाव आजीने कधी ऐकलं नाही.
मालकाच्या ताटात नुसती मांडी.
हे मी फिदेन्सियोला सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
"मग त्यांनी आम्हाला चुकून चांगलं दिलं."
आणि सुरी पुसली.

मार्चमध्ये त्याची भाची मारेली वर्गात कोसळली.
सोळा वर्षं, ओठ पांढरे,
माझ्या यंत्रावर आकडा आठ पूर्णांक नऊ.
गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिचं पोट धरलं,
ती त्या कुंडीत पुरू लागली.
(ते झाड काही सुधारलं नाही.)
मग मामाने तवा तापवला:
पातळ कापलेलं काळीज, कांदा, हिरवी मिरची,
दोन टॉर्टिया, कारण एक फाटते,
बाजूला घेवडा, वरून लिंबू.
लिंबू चवीला, असं त्याला वाटायचं.
मी म्हटलं, घेवड्यातलं लोहसुद्धा
लिंबाने अंगी लागतं.
तेव्हापासून तो दोन फोडी ठेवतो
आणि माझ्याकडे बघतो.

थोरली, पाचव्या महिन्याची, तीही मागू लागली.
तिला मी नको म्हटलं. काळजात अ जीवनसत्त्व फार,
पोटातल्याला झेपायचं नाही.
तिला जीभ मिळाली. ती रुसली.
एकाच तव्यावर एकीचं औषध, दुसरीचं पथ्य.

आणि एक गोष्ट तो गिऱ्हाइकांना सांगत नाही.
गेल्या पावसाळ्यात त्याच्या अंगठ्याचा टोमॅटो झाला.
चादर टेकली तरी कळ मस्तकात.
युरिक ॲसिड. कागदावर मीच लिहिलं:
काळीज बंद, मेंदू बंद, मूत्रपिंड बंद, आतडी बंद.
त्याने कागद दोनदा वाचला.
"मग हे दुकानच बंद म्हण ना."

दुकान चालू आहे. तो खात नाही.
चव आता कानाने घेतो:
चरबी सुटून आतडं तव्यावर तडतडायचं थांबतं,
आवाज कोरडा होतो,
त्या क्षणी उलथणं.
मिठाचं मात्र कानाला कळत नाही.

आज मारेलीचा आकडा अकरा पूर्णांक सहा.
काळीज तिला अजून आवडत नाही, मला ठाऊक आहे;
श्वास रोखून गिळते, मग पाणी.
तो कोपर टेकून विचारतो, "कसं झालंय?"
ती चावते. थांबते. जिभेने दातांमागे शोधते.
"मीठ कमी," म्हणते.

तो डबा उघडतो,
तिच्या शब्दावर चिमूट उचलतो,
आणि ती हात वर करेपर्यंत
सोडत राहतो.